स्टेअरिंगचे तेल

दसरा झाला की बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी घराबाहेर पडतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात जाते, तर कुणी कर्नाटकात. भांडीकुंडी, अंथरुणे, धान्याची पोती आणि लहान मुले असे सारे बिऱ्हाड ट्रकमध्ये चढते. अंबाजोगाईच्या रस्त्यावर असे भरलेले ट्रक तुम्ही पाहिले असतील. त्यांतील काही ट्रक बरेच जुने असतात. इतक्या माणसांचा जीव चालकाच्या दोन हातांत असतो आणि त्याचे हात असतात स्टेअरिंगच्या चाकावर.

विद्यार्थी मित्रांनो, हे चाक वळवायला एक तेल मदत करते. ते पुरेसे आहे की नाही, हे पाहायला फार वेळ लागत नाही. ते कसे पाहतात, हे आज आपण समजून घेऊ. तुमचे अब्बा, चाचा किंवा शेजारी ट्रक चालवत असतील, तर हा पाठ त्यांनाही वाचून दाखवा.

तेल काय काम करते?

भरलेल्या ट्रकच्या पुढच्या चाकांवर फार मोठे वजन असते. ती चाके केवळ हाताच्या जोराने वळवताना चालक घामाघूम होतो. फ्रान्सिस डेव्हिस हे अमेरिकेतील एका मोटार कंपनीच्या ट्रक विभागात अभियंता होते. चालकांची ही दमछाक त्यांना ठाऊक होती. १९२६ साली त्यांनी तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग गाडीला बसवून दाखवले. त्यालाच आपण पॉवर स्टेअरिंग म्हणतो. आज पुणे जिल्ह्यातील वढू बुद्रुक येथेही अशी स्टेअरिंगे तयार होतात.

बंद जागेतील द्रवावर दाब दिला, की तो दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. हा पास्कलचा नियम तुम्ही विज्ञानात शिकला असाल. येथे तोच नियम उपयोगी पडतो. इंजिनावर चालणारा पंप टाकीतील तेल ओढतो आणि जोराने नळीत ढकलतो. चालकाने चाक फिरवले, की हे दाबलेले तेल त्याच बाजूला जोर लावते. काम झाले, की तेल दुसऱ्या नळीने टाकीत परत येते. पुन्हा पंप, पुन्हा नळी, पुन्हा टाकी असा त्याचा फेरा चालू असतो.

तेल कसे पाहावे?

ट्रक सपाट जागेवर उभा करावा. पुढची चाके सरळ ठेवावीत. हँडब्रेक ओढावा आणि चाकांना दगड लावावेत. मग तेलाच्या टाकीचे झाकण व त्याच्या आजूबाजूची जागा स्वच्छ कपड्याने पुसावी. ही गोष्ट पुष्कळ जण विसरतात. झाकणावरची धूळ टाकीत पडली, तर ती तेलाबरोबर पंपापर्यंत जाते आणि त्याचे भाग झिजवते.

झाकण उघडून आतील पट्टी बाहेर काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालावी आणि काढून पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोन खुणांच्या मध्ये हवे. काही गाड्यांत ते इंजिन बंद ठेवून पाहतात, तर काहींत इंजिन चालू ठेवून. आपल्या गाडीच्या पुस्तकात काय लिहिले आहे, तेच खरे मानावे.

तेल खालच्या खुणेच्याही खाली असेल, तर आधी तेल घालावे आणि मगच इंजिन चालू करावे. कोरडा पंप फिरला, तर तो लवकर खराब होतो. तेल थोडे थोडे घालावे. मग इंजिन हळू चालू ठेवून चाक दोन्ही बाजूंना दोन-तीन वेळा फिरवावे. शेवटच्या टोकाला ते फार वेळ दाबून धरू नये. त्यानंतर तेल पुन्हा पाहावे आणि कमी असेल तर पुन्हा घालावे. इंजिन बंद केल्यावर टाकीतील तेल एक-दोन सेंटिमीटर वर आले, तर घाबरू नये. त्याहून जास्त वर आले किंवा फेस दिसला, तर आत हवा शिरली आहे असे समजावे.

तेलाचा रंगही खबर देतो. पुष्कळ गाड्यांत हे तेल लाल असते. ते दुधासारखे दिसले, तर त्यात पाणी गेले आहे. काळे पडून जळका वास आला, तर ते बदलायला हवे. डब्यावरचे नाव आणि पुस्तकातले नाव जुळले, तरच तेल घ्यावे. ब्रेकचे तेल तर यात कधीच घालू नये. त्याने आतील रबर फुगते आणि खराब होते.

तेल जाते कुठे?

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट ऐका. डिझेल जळते, म्हणून ते संपते. स्टेअरिंगचे तेल जळत नाही. ते फिरून टाकीतच येते. मग ते कमी का होते? याचे उत्तर एकच आहे, ते कुठून तरी गळते. रोज तेल ओतत राहणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

म्हणून तेल घातले, की तारीख वहीत लिहावी. रात्री ट्रकखाली जाड कागद पसरावा. सकाळी त्यावर लाल थेंब दिसले, तर नळ्यांचे जोड, पंप आणि स्टेअरिंगची पेटी मिस्त्रीकडून तपासून घ्यावी. इंजिन चालू असताना गळती हाताने चाचपू नये. नळीत तेलाचा दाब फार असतो. त्याची बारीक धार कातडीतून आत जाऊ शकते.

अंबाजोगाई बालाघाटच्या डोंगरात वसले आहे. येथून परळीला जाताना घाट उतरावा लागतो. अशा उतारावर तेल संपले, तर काय होईल? चाक एकदम जड होईल. पण ते निकामी होत नाही, कारण हाताचा जोर तरीही पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो. चालकाने धीर सोडू नये. चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे, गती कमी करावी आणि कडेला थांबावे.

काही चालक डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करतात. इंजिन थांबले, की स्टेअरिंगचा पंपही थांबतो. हवेच्या ब्रेकची हवा भरणारे यंत्रही थांबते. वाटीभर डिझेलसाठी एवढ्या माणसांचा जीव धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही.

घाट उतरण्याआधी झाकण उघडून पट्टी पाहणे हे छोटे काम आहे. पण ट्रकमध्ये झोपलेल्या मुलांची सुरक्षितता अशाच छोट्या कामांवर अवलंबून असते.

शब्दार्थ

बिऱ्हाड – घरातील माणसे व सामान. दमछाक – खूप थकणे. खूण – निशाणी. गळती – थेंब थेंब बाहेर जाणे. निकामी – उपयोग नसलेले

स्वाध्याय

१. झाकण उघडण्यापूर्वी ते का पुसावे?
२. स्टेअरिंगचे तेल कमी होणे म्हणजे काय समजावे?
३. घाटात इंजिन बंद का करू नये?
४. 'फुटक्या माठात पाणी भरणे' याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
५. वजन, खबर, दुरुस्ती हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी शब्द शोधा व त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.