गोल्फमधला कच्चा दुवा: मोजल्याशिवाय सापडत नाही

आजचा प्रश्न असा, की हौशी गोल्फरने आपलं बलस्थान कुठे आहे आणि उणीव कुठे आहे हे ओळखायचं कसं? पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात हा प्रश्न जरा जास्तच महत्त्वाचा आहे. कारण आपल्याकडे वेळ नाही. इथल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी. त्या एका दिवसात येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर नाहीतर बावधनच्या बाजूला ऑक्सफर्डला जायचं, 18 होलच्या राउंडला चार-साडेचार तास द्यायचे, आणि नाशिक हायवेच्या ट्रॅफिकमधून परत यायचं. मग सरावाला उरतो आठवड्यातून जेमतेम तासभर. तो तास चुकीच्या गोष्टीवर गेला, तर वर्षभर घाम गाळूनही स्कोअर आहे तिथेच राहतो.

आता चूक कुठे होते ते बघू. राउंड संपला की आपण म्हणतो, "आज पुटिंगने घात केला." का म्हणतो? कारण पुट शेवटी होतो आणि तोच डोक्यात राहतो. कारखान्यातही असंच असतं. जॉब रिजेक्ट होतो फायनल इन्स्पेक्शनला, पण दोष तिथला असेलच असं नाही. कास्टिंगमध्येच ब्लो-होल असेल, तर शेवटच्या मशीनवरच्या ऑपरेटरला बोल लावून काय उपयोग?

एक उदाहरण घेऊ. पार-4 होल. पहिल्या खेळाडूने दोन फटक्यांत ग्रीन गाठलं, पण चेंडू होलपासून 33 फुटांवर. त्याने दोन पुट घेतले. दुसऱ्याचं ग्रीन हुकलं, त्याने चिप करून चेंडू तीन फुटांवर आणला आणि एका पुटमध्ये संपवलं. दोघांचेही चारच फटके. कार्डावर पुट मोजले, तर पहिला कच्चा आणि दुसरा पक्का वाटेल. खरं तर 33 फुटांवरून व्यावसायिक खेळाडूंनाही सरासरी दोनच पुट लागतात. म्हणजे पहिल्याने पुटिंगमध्ये काहीही गमावलेलं नाही. नुसती पुटची संख्या आपल्याला फसवते.

यावर उत्तर शोधलं कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी. त्यांची पद्धत 'स्ट्रोक्स गेन्ड' या नावाने ओळखली जाते. अमेरिकेच्या पीजीए टूरने 2011 पासून पुटिंगसाठी ती वापरायला घेतली. कल्पना सोपी आहे. प्रत्येक अंतरावरून होल संपवायला सरासरी किती फटके लागतात, हे आधी ठरवायचं. मग आपल्या फटक्याआधी किती लागणार होते आणि नंतर किती लागणार आहेत, हे बघायचं. 8 फुटांवरून टूरच्या खेळाडूची सरासरी दीड फटका. तिथून तुम्ही एका पुटमध्ये संपवलं, तर अर्धा फटका कमावला. दोन लागले, तर अर्धा गमावला. ड्राइव्ह असो की बंकरमधला फटका, हिशेब हाच.

या हिशेबातून जे दिसलं, ते अनेकांच्या समजुतीला धक्का देणारं होतं. चांगल्या आणि सामान्य खेळाडूच्या स्कोअरमधल्या फरकापैकी सुमारे दोन-तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडच्या फटक्यांत असतो. पुटिंग बिनमहत्त्वाचं आहे असा याचा अर्थ नाही. पण सगळा सराव ग्रीनवर करणाऱ्याने एकदा थांबून विचार करायला हवा.

मग आपण घरच्या घरी काय करायचं? सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल. खिशातल्या वहीत प्रत्येक फटक्याच्या दोन गोष्टी लिहा: चेंडू कुठे होता आणि होलपासून किती लांब होता. राउंडनंतर चार रकाने पाडा: टी-शॉट, लांबचे फटके, ग्रीनजवळचे फटके, पुट. दंडाचे फटके ज्या रकान्यातून आले, तिथेच टाका. पाच राउंड झाले की पॅरेटो चार्ट काढा. तो काढायचा कसा, हे तुम्हाला सांगायला नको! सगळ्यात उंच खांबावरच हात घालायचा.

खांब सापडला की पुढचा प्रश्न: दोष सेटिंगचा आहे की मशीनच ढिलं आहे? रेंजवर एकाच क्लबने दहा चेंडू मारा. दहाही उजवीकडे, पण एकमेकांजवळ पडले, तर तुमचा स्विंग स्थिर आहे. उभं राहण्याची दिशा आणि क्लबफेस तपासा, कारण चेंडू कुठल्या दिशेने निघणार हे मुख्यतः फेसवर ठरतं. चेंडू चहूकडे विखुरले, तर मात्र नेम बदलून काही होणार नाही, स्विंगवरच काम करावं लागेल आणि कोचची मदत घ्यावी लागेल. आणि हो, क्लबचं अंतर दहा चेंडूंच्या सरासरीवरून ठरवा, सर्वात लांब गेलेल्या एका चेंडूवरून नको. "माझा सेव्हन आयर्न दीडशे जातो" म्हणणाऱ्याचा चेंडू बहुतेक वेळा ग्रीनच्या अलीकडेच पडतो, तो यामुळेच.

हँडिकॅपबद्दलही हाच घोळ होतो. 2020 पासूनच्या जागतिक पद्धतीत शेवटच्या 20 पैकी उत्तम 8 राउंड धरले जातात. म्हणजे हँडिकॅप तुमची क्षमता सांगतो, सरासरी नाही. बहुतेक दिवशी त्याहून जास्तच फटके लागणार. म्हणून एका वाईट गुरुवारनंतर ग्रिप बदलू नका, नवा ड्रायव्हर घेऊ नका. एक जॉब मापाबाहेर गेला की लगेच ऑफसेट हलवणारा ऑपरेटर फरक कमी करत नाही, वाढवतो. डेमिंग यांनी नरसाळ्याच्या प्रयोगातून हेच दाखवलं होतं.

बलस्थानाचं काय? ते जपायचं आणि वापरायचं. ड्रायव्हर दगा देतो पण हायब्रिड सरळ जातो ना? मग अरुंद होलवर टीवरून हायब्रिडच घ्या. उणीव दुरुस्त व्हायला महिने लागतात, पण तिला टाळून खेळायला आजपासून सुरुवात करता येते.

या सगळ्याला एकच अट आहे: वही खरी हवी. मित्रांनी माफ केलेला फटका, गुपचूप हलवलेला चेंडू, सोडून दिलेला दोन फुटी पुट, हे लिहिलं नाही तर फसवणूक आपलीच होते. खोट्या रीडिंगवर कुठलीच प्रक्रिया सुधारत नाही. तेव्हा पुढचे पाच राउंड लिहून काढा. मग आपण प्रश्नोत्तरांच्या वेळी तुमचे खांब बघू.