सांगकाम्याची शाळा

सांगकाम्या गड्याच्या गोष्टी ऐकून लहानपणी आपण सगळेच पोट धरून हसलो आहोत. सांगितले तेवढेच करायचे, आणि शब्दशः तसेच करायचे, हा त्याचा बाणा. बोरिवलीच्या पश्चिमेला, गोराई खाडीच्या अलीकडे आमची वसाहत आहे. तेथे शेजारच्या बिऱ्हाडी सध्या असाच एक सांगकाम्या मुक्कामाला आहे. तो प्लास्टिकच्या तुकड्यांचा आहे, आणि त्याचे धनी इयत्ता सातवीत शिकतात.

आमच्या पिढीने मेकॅनिक्सच्या लोखंडी पट्ट्या नटबोल्टांनी जोडून क्रेन केल्या. पण ती क्रेन हलवायची तर हात आपलाच लागे. १९९८ साली लेगो या डॅनिश कंपनीने आपल्या ठोकळ्यांच्या पेटीत एक चिमुकला संगणकच घातला. मोटारी जोडा, प्रकाश किंवा स्पर्श ओळखणारे संवेदक जोडा, आणि घरच्या संगणकावर हुकूम लिहून त्यात उतरवा, की यंत्र आपल्या पायांनी चालू लागते. या पेटीचे नाव 'माइंडस्टॉर्म्स'. सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाच्या १९८० सालच्या पुस्तकावरून ते घेतलेले. हे गृहस्थ लहानपणी दातेरी चाकांचे वेडे होते. पुढे १९६७ साली त्यांनी सहकाऱ्यांसह मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा घडवली. मुलाने संगणकाला शिकवावे, संगणकाने मुलाला नव्हे, असा त्यांचा उलटा न्याय होता.

तो न्याय शेजारच्या दिवाणखान्यात कसा चालतो ते पाहण्यासारखे आहे. चाकाचा व्यास ५.६ सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात गाडी सुमारे १७.६ सेंटिमीटर पुढे जाणार. मग एक मीटर जायला फेरे किती? वर्तुळाच्या परिघाचे गणित चिरंजीवांना वहीत कधी गोड लागले नव्हते; येथे ते जमिनीवर बसून बोटांनी मोजत होते. उत्तर आले पावणेसहाच्या जरा आत. तरी गाडी गुळगुळीत लादीवर घसरली आणि सोफ्याखाली गेली.

"अरे, त्याला सांग ना, भिंत आली की वळ म्हणून!" आजी म्हणाल्या.

"आजी, भिंत म्हणजे काय ते त्याला कळत नाही गं!"

मग आजीच्या वाक्याचे भाषांतर सुरू झाले. मराठीच्या मास्तराला मोठी गंमत वाटली. नुसता आज्ञार्थ पुरेना, जर-तर आले; 'समोर २० सेंटिमीटरच्या आत काही असेल तर थांब, उजवीकडे वळ, नसेल तर पुढे जा', आणि हे सारे पुनःपुन्हा. अंतर मोजणारा संवेदक वटवाघळासारखा न ऐकू येणारा आवाज सोडतो आणि त्याचा प्रतिध्वनी टिपतो. भिंतीपाशी गाडी शहाण्यासारखी वळली. पण पुढच्याच क्षणी आजींच्या गोधडीत खुशाल घुसली! का? मऊ कापड आवाज गिळून टाकते, प्रतिध्वनी परत येत नाही. गाडीच्या लेखी गोधडी नव्हतीच. हे कोणी सांगितले नाही. उशी, पडदा, पुठ्ठा, पातेले असे एकेक पुढे ठेवून पोराने दोन संध्याकाळी ते हुडकले.

पॅपर्ट यांचे म्हणणे नेमके हेच. कार्यक्रम पहिल्या झटक्यात बरोबर येत नाहीच. तेव्हा 'बरोबर की चूक' असे न विचारता 'कोठे बिघडले आणि कसे सुधारेल' असे विचारावे. माझ्या वर्गात चांगली हुशार मुले प्रश्न कोरा सोडतात, पण चुकीचे लिहिण्याचा धोका पत्करत नाहीत. त्यांना आपणच असे घडवले आहे. म्हणून चिरंजीवांच्या आईने "याला मार्क किती असतात?" असे विचारले तेव्हा मला उत्तर सुचेना. उपनगरात अशा यंत्रांचे वर्गही निघाले आहेत. त्यांतल्या काही ठिकाणी तयार कार्यक्रम हाती देऊन, गाडी पळवून, पालकांना चित्रफीत दाखवतात. मग त्यापेक्षा चावीची मोटार काय वाईट?

पैशाची गोष्ट मात्र खरी. परदेशी पेट्या महाग, आणि कंपनीने 'माइंडस्टॉर्म्स' २०२२ च्या अखेरीस बंदच केले. शेजारची पेटी मामाने वापरून दिलेली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या अटल योजनेतून अनेक शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांसाठी प्रयोगशाळा आल्या आहेत. आपल्या शाळेत असेल तर तिचे कुलूप उघडते का, एवढे पालकांनी जरूर पाहावे. नाहीतर लॅमिंग्टन रोड आहेच. तेथल्या दुकानांत अर्दुइनोची पाटी, मोटारी, संवेदक सुटे मिळतात, आणि माळ्यावरच्या मेकॅनिक्सच्या पट्ट्या सांगाड्याला उत्तम चालतात.

सध्या शेजारी रेषेवरून चालण्याचा पाठ आहे. पांढऱ्या लादीवर काळी चिकटपट्टी. लादीवरून प्रकाश परततो ६०, पट्टीवरून १०. मधला आकडा ३५. त्याहून जास्त दिसले तर एकीकडे वळ, कमी दिसले तर दुसरीकडे. म्हणजे गाडी रेषेवरून नव्हे, रेषेच्या कडेने जाते, थोडी झिंगल्यासारखी. परवा खिडकीत आकाशकंदील लागला आणि सगळे आकडे बदलले. पुन्हा मोजणी झाली. आता गेरूवर पांढरी रांगोळी म्हणजे हाच पाठ उलटा, असे चिरंजीवांच्या ध्यानात आले आहे. माझ्या ठिपक्यांवरून चाके नेलीस तर फराळ बंद, असे आजींनी बजावले आहे. वाटाघाटी चालू आहेत.