गरगर फिर, पण नेमकं थांब!

मुलांनो, अडगळीत एखादा तुटका तीन पिनांचा प्लग पडलाय का, शोधा बरं. भिंतीवरच्या सॉकेटमधला उपसू नका हं! मोडकाच हवा. आता त्याच्या पितळी पिना नीट निरखा. टोक गोलसर, अंग गुळगुळीत, बुडाशी वायर घालायला आडवं भोक आणि ती आवळणाऱ्या इवल्याशा स्क्रूसाठी आत आटे. अशी एकेक पिन कुणी हातानं घडवत बसलं, तर एक प्लग केवढ्याला पडेल? म्हणून अशा कामांना ऑटोमॅटिक लेथ लावतात. एका बाजूनं लांबलचक सळई आत जाते आणि दुसऱ्या बाजूनं तयार तुकडे टपाटप ट्रेमध्ये पडत राहतात.

साधा लेथ बघायला जळगाव जामोदच्या मुलांना लांब जायला नको. सातपुड्याच्या पायथ्याचं हे तालुक्याचं गाव, भोवती कपाशीची शेतं. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टरच्या अवजाराची पिन झिजते, ऐन ओलिताच्या दिवसांत पंपाचा शाफ्ट घासतो, मग सगळी धाव लेथकडे. मिस्तरी तो तुकडा चकमध्ये आवळतात. त्या तुकड्याला म्हणायचं जॉब. चक ज्या पोकळ दांड्यावर बसतो, तो स्पिंडल. स्पिंडलबरोबर जॉब गरगर फिरू लागतो, टूल, म्हणजे कापणारं हत्यार, पुढे सरकतं आणि लोखंडाचा कीस वेटोळी घेत खाली पडतो.

इथे वेग किती ठेवायचा, कधी थांबायचं, पुढचं टूल कोणतं घ्यायचं, हे मिस्तरींचं डोकं ठरवतं. ऑटोमॅटिक लेथला ही तिन्ही कामं स्वतःच करावी लागतात. कशी करतो तो?

वेग किती हवा?

तुम्ही म्हणाल, मिनिटाला किती फेरे ते ठरवून टाकायचं, झालं! पण टूलला फेऱ्यांशी देणंघेणं नसतं. आपल्या टोकासमोरून मिनिटाला किती मीटर धातू सरकतोय, एवढंच त्याला कळतं. साधं पोलाद हायस्पीड स्टीलच्या टूलनं कापायचं, तर हा आकडा साधारण 30 मीटर धरतात.

आता वही काढा. जॉब 50 मिलिमीटर जाड असेल, तर त्याचा परीघ 50 गुणिले 3.14, म्हणजे 157 मिलिमीटर. 30 मीटर म्हणजे 30,000 मिलिमीटर. भागाकार करा: मिनिटाला सुमारे 191 फेरे. आणि जॉब फक्त 10 मिलिमीटरचा असेल तर? परीघ 31.4, फेरे सुमारे 955! जॉब बारीक, तर फेरे जास्त.

खरी गंमत पुढेच आहे. जॉबचं सपाट तोंड साफ करताना टूल कडेकडून मध्याकडे सरकतं. म्हणजे ज्या गोलावर ते कापतंय, तो गोल क्षणोक्षणी लहान होत जातो. संगणकावर चालणारा लेथ, म्हणजे सीएनसी, टूल आत सरकेल तसतसा स्पिंडलचा वेग आपोआप वाढवत नेतो. पण अगदी मध्यावर व्यास होतो शून्य! मग फेरे किती? शून्यानं भागता येत नाही, हे गणिताच्या बाई सांगतातच. म्हणून या लेथला आधीच बजावून ठेवावं लागतं, की अमुक फेऱ्यांच्या वर जायचं नाही.

जुन्या लेथवर पट्टा एका पुलीवरून दुसऱ्या पुलीवर टाकून किंवा गिअर बदलून वेग बदलतात. नव्या लेथवर हे काम ड्राइव्ह नावाची पेटी करते. आपल्याकडची वीज सेकंदाला 50 हेलकावे घेते. त्या विजेवर चार ध्रुवांची साधी मोटर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या जरा खाली फिरते. ड्राइव्हनं हेलकावे 25 केले, की मोटर जवळजवळ निम्म्या वेगावर येते. मध्ये हवा तो वेग मिळतो, पट्टा नाही की गिअर नाही.

थांबायचं कसं?

पंख्याचं बटण बंद केल्यावर पाती किती वेळ फिरत राहतात, पाहिलंय ना? लेथचा चक तर पात्यांपेक्षा कितीतरी जड, भरीव पोलादाचा. वीज तोडली तरी तो फिरतच राहतो. शिवाय वेग दुप्पट झाला, की त्याच्यात साठलेली ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते.

एका तुकड्यामागे थांबण्यात नुसते 2 सेकंद वाया गेले, तर हजार तुकड्यांमागे 2000 सेकंद जातात, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त. म्हणून ब्रेक हवाच. बऱ्याच लेथला पायानं दाबायचा ब्रेक असतो. ऑटोमॅटिक लेथवर विजेच्या चुंबकानं आवळणारे क्लच आणि ब्रेक आले. ड्राइव्हवाल्या लेथची युक्ती आणखी भन्नाट. थांबायची वेळ झाली, की ड्राइव्ह मोटरलाच जनित्र बनवतो! फिरणारा चक मोटरला फिरवतो, मोटर वीज तयार करते आणि चकची ऊर्जा अशी निघून जाते. ती वीज एका रोधकात तापवून संपवतात, नाहीतर परत लाइनमध्ये सोडतात. जवळच्या नांदुऱ्याच्या स्टेशनावरून जाणारी विजेची नवी इंजिनं ब्रेक लावताना अशीच वीज तारेत परत देतात.

नेमक्या जागी कसं यायचं?

आता सगळ्यात अवघड काम, इंडेक्सिंग. एका पिनेला चार-पाच टूल लागतात. ती सगळी टरेट नावाच्या फिरत्या डोक्यावर बसवलेली असतात. समजा टरेटला सहा तोंडं आहेत. मग दर वेळी त्यानं बरोबर 60 अंश वळायचं आणि थांबायचं. 59 नाही, 61 नाही.

यासाठी एक जुनी, सुरेख यंत्रणा आहे, जिनिव्हा चाक. एका चाकावर एकच खुंटी आणि ते सतत फिरतं. शेजारच्या, टरेटला जोडलेल्या चाकाला सहा खाचा. खुंटी खाचेत शिरली, की शेजारचं चाक 60 अंश ढकललं जातं. खुंटी बाहेर पडली, की ते जागीच थांबतं. खुंटीच्या एका फेऱ्यातले 120 अंश ढकलण्यात जातात, उरलेले 240 अंश दुसरं चाक स्वस्थ! जत्रेतल्या तंबू-सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्येही हेच चाक असे, फक्त चार खाचांचं. सेकंदाला 24 चित्रं एकेक करून पुढे सरकवायचं काम त्याचं.

सीएनसी लेथवर वळलेला टरेट दातेरी कड्यांत घट्ट रुतवतात. दात दातांत बसले, असा निरोप सेन्सरनं दिल्याशिवाय टूल पुढे सरकत नाही.

कधी कधी स्पिंडललाही ठरावीक कोनात थांबावं लागतं. पिनेचं ते आडवं भोक आठवा. असं भोक लेथवरच पाडायचं, तर जॉब नेमक्या कोनात स्थिर हवा. त्यासाठी स्पिंडलला कोन मोजणारा एन्कोडर जोडतात. समजा, त्याच्या चकतीवर 1024 खुणा आहेत. प्रत्येक खुणेतून चार इशारे मिळवले, तर एका फेऱ्याचे 4096 भाग झाले. एक भाग अंशाच्या दहाव्या हिश्शापेक्षाही लहान!

हा क्रम कोण लक्षात ठेवतं?

संगणक नव्हते तेव्हाही ऑटोमॅटिक लेथ होते बरं का. अमेरिकेतल्या ख्रिस्तोफर स्पेन्सरनं 1873 च्या सुमारास फिरत्या ढोलावर पट्ट्या बसवल्या. ढोल फिरला, की पट्ट्या एकेक दांडा ढकलत आणि टूल ठरल्या क्रमानं पुढे-मागे होत. पेटंटच्या कागदांत मात्र या ढोलाचीच बाजू नीट मांडली गेली नाही आणि त्याची कल्पना इतरांनी बिनधास्त वापरली!

पुण्या-नाशकाकडच्या कारखान्यांत ‘ट्रॉब’ म्हणून ओळखले जाणारे लेथ याच घराण्यातले. त्यांच्यात कॅम नावाच्या वाकड्यातिकड्या चकत्या असतात. कॅमच्या दांड्याचा एक फेरा पुरा झाला, की एक तुकडा तयार. कॅमचा चढ-उतार हाच त्या लेथचा पाठ. सीएनसीमध्ये तोच पाठ आकड्यांत लिहिलेला असतो.

तुम्हालाही असा पाठ लिहायला आवडेल? आयटीआयमध्ये टर्नरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, लक्षात ठेवा. तोवर गावातल्या लेथवर जाऊन मिस्तरींना विचारा, ‘काका, हा जॉब किती फेऱ्यांवर लावलाय?’ मग जॉबचा व्यास विचारून गणित ताडून बघा. फक्त ओढणी, मफलर, सैल बाही घेऊन जवळ जायचं नाही, आणि चक पूर्ण थांबल्याशिवाय हात पुढे करायचा नाही.