आगगाडीचा देखावा आणि मेजावरची रणभूमी

मेजावर रूळ मांडून चिमुकली आगगाडी फिरविण्याचा छंद इंग्लंडात मुलांइतकाच प्रौढांनीही जोपासला. प्रारंभी बहुतेकांचे लक्ष इंजिनावरच असे. भोवतालचा मुलूख म्हणजे हिरवा रंग फासलेली फळी. जॉन अ‍ॅहर्न ह्यांनी ‘मॅडर व्हॅली’ ही लघुरेल्वे उभारताना मात्र गाडीइतकेच महत्त्व खोऱ्याला, त्यातल्या गावांना आणि वळणाच्या रस्त्यांना दिले. ती आज ऑक्सफर्डशरमधील पेन्डन संग्रहालयात जतन केलेली आहे.

छोट्या सैनिकांच्या युद्धखेळाला ह्या छंदाचा मोठा आधार मिळाला. एच. जी. वेल्स ह्यांच्या १९१३ च्या ‘लिटल वॉर्स’मध्ये घरे ठोकळ्यांची आणि झाडे डहाळ्यांची होती. १९५९ पासून एअरफिक्स कंपनीचे प्लॅस्टिकचे सैनिक बाजारात आले, ते लघुरेल्वेच्याच मापाचे. साहजिकच रेल्वेसाठी केलेली घरे, पूल, कुंपणे त्यांच्या शेजारी शोभू लागली. रंगविलेला भुसा, जाळीवर प्लॅस्टर थापून केलेल्या टेकड्या, विद्युतभाराने उभे राहणारे गवताचे तंतू, हे सारे रेल्वेवाल्यांचेच देणे.

परंतु उसने आणलेले सर्वच उपयोगी पडते असे नाही. रेल्वेचा देखावा दुरून पाहावयाचा; रणभूमीवर हात फिरावयाचा असतो. देखाव्यातला सुंदर उतार सैनिकाला उभेही राहू देत नाही. म्हणून खेळाडू टेकडीला पायऱ्या पाडतो आणि रानातली झाडे उचलता येतील अशी ठेवतो. खरी अडचण मापाची आहे. वॉटर्लूची चार किलोमीटर लांबीची आघाडी १:७६ ह्या प्रमाणात मांडावयाची, तर पन्नास मीटरांहून लांब मेज लागेल! म्हणून जमीन आकसावी लागते आणि एकच घर अख्ख्या गावाच्या वतीने उभे राहते. उंचीही त्याच हिशेबाने आकसली, तर ज्या कण्याआड वेलिंग्टनने १८१५ मध्ये आपले सैन्य दडविले, तो कणा मेजावर उभ्या सैनिकाला झाकणारही नाही. मग त्या लढाईचे मर्मच नाहीसे होते. तेथे उंची वाढवून दाखविणे हेच अधिक प्रामाणिक. रेल्वेकार मात्र अशा टेकडीला नाक मुरडील. त्याच्या दृष्टीने तेही योग्यच.