मागचा खडखडाट आणि सव्यभिचार हेतू

गेल्या वेळी आपण अनुमानाचा विचार केला. पर्वतावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. आज तोच विचार पर्वतावरून उतरवून गाडीखाली न्यायचा आहे. (हशा)

उदाहरण प्रीमियर पद्मिनीचं घेऊ. फियाट 1100च्या घडणीची, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून सगळ्यांच्या ओळखीची. आमच्याकडे अशी एक जुनी गाडी आहे. खड्ड्यातून गेली की मागून खडखड आवाज यायचा. गॅरेजमध्ये निदान झालं, 'शॉकअप गेले.' आम्ही दोन्ही नवे बसवून घेतले. आवाज तसाच! पैसे गेले ते गेले. पण दुखणं तसंच ठेवून आम्ही दोनदा घाट उतरलो, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

चूक कुठे झाली? धूर असेल तिथे अग्नी असतोच. पण आवाज असेल तिथे शॉकअप गेलेलाच असेल, असं नाही. बुश झिजला तरी आवाज येतो, यू-बोल्ट सैल झाला तरी येतो, पाटा तुटला तरी येतो. साध्य नसतानाही जो हेतू आढळतो, त्याला नैयायिक 'सव्यभिचार' म्हणतात. आम्ही हे वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं आणि गॅरेजमध्ये विसरलो.

आता रचना बघू. पद्मिनीचा मागचा आख सलग आहे. तो दोन बाजूंच्या पाट्यांवर यू-बोल्टनी आवळलेला असतो. पाट्यांच्या थरांतून जाणारा सेंटर बोल्ट आखाची जागा ठरवतो. पाट्याचं पुढचं टोक बॉडीला पक्कं असतं. मागचं टोक शॅकलला, म्हणजे झुलत्या दुव्याला अडकवलेलं असतं. कारण भार आला की पाटा सपाट होतो, लांबतो, आणि त्या लांबीला जागा लागते. दोन्ही टोकांना रबरी बुश. म्हणजे पाटा भार तर पेलतोच, शिवाय आखाला जागेवर धरतो. शॉकअप भार पेलत नाही. तो फक्त पाट्याचं हेलकावणं थांबवतो. हा भेद लक्षात आला की निदान निम्मं झालं.

मग तपासायचं कसं? सपाट जमिनीवर गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजावं. एक बाजू बसलेली असेल तर संशय पाट्यावर. मागचा कोपरा जोरात दाबून सोडावा. गाडी वर येऊन लगेच स्थिरावली नाही, डोलत राहिली, तर शॉकअप थकला. त्याच्या अंगावर तेल ओघळलं असेल तरीही तेच. नंतर शॅकलपाशी टॉमी घालून हलवून बघावं. बुशमध्ये खेळ असेल तर दिसतोच. शेवटी पाट्यांवरची माती तारेच्या ब्रशने खरवडावी. आमच्या गाडीत शॅकलचा बुश लंबगोल झालेला होता, आणि माती निघाल्यावर मुख्य पाट्याला यू-बोल्टच्या कडेला तडा दिसला. तो पाटा पुढच्या बाजूला तुटला असता तर त्या बाजूचा आख मागे सरकला असता, आणि गाडी मागच्या चाकांनी वळायला लागली असती. घाटात!

बदलताना काही गोष्टी पाळायच्याच. हँडब्रेक मागच्या चाकांना असतो, आणि तीच चाकं आपण उचलणार. म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावावेत. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरू नये. बॉडीच्या मजबूत भागाखाली लोखंडी घोड्या, आणि आखाखाली वेगळा जॅक. शॉकअप सुटला की आख खाली येतो. तो ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळता कामा नये. गंजलेल्या बोल्टांना आदल्या रात्रीच तेल सोडावं. पाटे आणि शॉकअप जोडीनेच बदलावेत, नाहीतर एक बाजू ताठ आणि दुसरी ढिली. यू-बोल्ट नवेच घ्यावेत. ताणले गेलेले जुने पुन्हा नीट धरत नाहीत. शंभर-दोनशे किलोमीटर गाडी चालली की ते परत आवळावेत.

आणि शेवटचं, जे सगळ्यात जास्त चुकतं. बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना आवळायचे नाहीत. हाताने लावून ठेवायचे, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी हलवायची, आणि मग आवळायचे. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी त्याच अवस्थेत धरली जाते. पाटा लोंबकळत असताना आवळला, तर गाडी खाली आल्याबरोबर रबर पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. नवा बुश काही महिन्यांत फाटतो. मग आपण म्हणतो, 'हल्ली पार्ट चांगले मिळत नाहीत.' पुन्हा सव्यभिचार हेतू! पार्ट चांगला असतो, आवळण्याची वेळ चुकलेली असते.

तेव्हा आवाज ऐकून निष्कर्ष काढू नका. खाली वाकून बघा. आता प्रश्न घेऊ.