तलवारबाजीच्या सामन्यांचें यजमानपद

कॉलेजांतील तलवारबाजीच्या मंडळानें शेजारच्या चारपांच कॉलेजांना सामन्यांसाठीं बोलवावयाचें ठरविलें, कीं पहिल्या सभेंत वाद रंगतो तो ढाल केवढी असावी, अध्यक्ष कोण असावेत आणि फराळास काय करावें याचा. हीं कामें गोड खरीं. पण तीं उणीं पडलीं तरी सामने अडत नाहींत. ज्यांवांचून सामने बिघडतात तीं कामें निराळीं आहेत, आणि त्यांची वाच्यता सहसा होत नाहीं. त्यांविषयींच आज थोडें सांगावयाचें आहे.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. तलवार म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें दांडपट्टा उभा राहतो. पण १८९६ पासून ऑलिंपिकमध्यें चालत आलेला हा खेळ युरोपांतील शस्त्रविद्येंतून वाढला आहे. भारताच्या वतीनें ऑलिंपिकमध्यें प्रथम खेळली ती भवानी देवी; टोकियोचे ते सामने २०२१ सालीं झाले. या खेळाचीं शस्त्रें तीन. फॉइलनें केवळ टोंकाचा आणि केवळ धडावरील स्पर्श मोजतात. इपीचाही स्पर्श टोंकाचाच, पण तो अंगावर कोठेंही चालतो. सेबरनें टोंक आणि पातें या दोहोंचा स्पर्श चालतो, मात्र कमरेच्या वर. खेळण्याच्या पट्टीस पिस्ट म्हणतात. ती १४ मीटर लांब व दीड ते दोन मीटर रुंद असते, आणि तिच्या दोन्ही टोंकांपलीकडे मागें सरण्यास मोकळी जागा लागते.

पहिल्याच खेपेस तिन्ही शस्त्रांचे सामने अंगावर घेऊं नयेत. नवख्या यजमानास इपी सर्वांत सोयीची. फॉइल व सेबर यांत दोघांचे दिवे एकदम लागले, तर चढाईचा हक्क कोणाचा होता हें पंचास ठरवावें लागतें, आणि त्यास मुरलेला पंच हवा. इपींत दोघांचे स्पर्श एकदमच झाले तर दोघांसही गुण मिळतो. धातूच्या तारांचें जाकीटही लागत नाहीं.

आतां वेळेचा हिशेब. समजा, चोवीस खेळाडू आले. सहासहांचे चार गट केले, तर प्रत्येक गटांत पंधरा लढती, म्हणजे एकूण साठ होतात. गटांतील लढत पांच गुणांची व तीन मिनिटांची असते. पण तारा जोडणें, शस्त्र पाहणें हें धरून तिला सहा मिनिटें द्यावींत. पुढें बादफेरी. तेथें प्रत्येक लढतींत एकजण बाद होतो, म्हणून चोविसांतून एक उरावयास तेवीस लढती लागतात. या लढती पंधरा गुणांच्या, तीनतीन मिनिटांच्या तीन डावांच्या. प्रत्येकीस वीस मिनिटें धरा. चार पिस्ट असल्या तर हें सारें चार तासांच्या आंत उरकतें. दोनच असल्या तर सात तास लागतात, आणि शेवटच्या गाडीच्या काळजीनें पाहुण्या मुलांचें लक्ष तलवारीवर न राहतां घड्याळावर राहतें. म्हणून आमंत्रणें धाडण्यापूर्वीं पिस्ट मोजाव्यात, आणि प्रत्येक पिस्टपुढें पंच आहे कीं नाहीं तें पाहावें.

गट पाडतांना एकाच कॉलेजचे खेळाडू शक्यतों निरनिराळ्या गटांत घालावेत. एकत्र पडलेच, तर त्यांची आपसांतील लढत सर्वांत आधीं उरकावी. शेवटीं ठेवली, तर मित्रास पुढें ढकलण्यासाठीं एखादा हात आंखडता घेईल, आणि निदान तसा संशय तरी येईल.

आतां शस्त्रतपासणी. इपीचें टोंक दाबलें गेलें कीं दिवा लागतो. पण त्याच्या स्प्रिंगनें ७५० ग्रॅमचें वजन परत वर उचललें पाहिजे. फॉइलच्या टोंकास ५०० ग्रॅमची परीक्षा असते. ही तपासणी कशासाठीं, तें १९७६ सालीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें दिसलें. आधुनिक पेंटॅथ्लॉनमध्यें सोव्हिएत संघाचा बोरिस ओनिश्चेंको इपी खेळत असतां, पातें न लागतांच दिवा लागूं लागला. ब्रिटिश खेळाडूंनीं तक्रार केली. शस्त्र तपासतां त्यांत छपविलेली कळ सांपडली, आणि त्यास स्पर्धेंतून काढण्यांत आलें. कॉलेजांत अशी लबाडी कोण करणार? पण सैल झालेली स्प्रिंग किंवा तुटकी तार कोणाच्याही मनांत नसतां तोच अन्याय करते.

शिवाय प्रश्न केवळ गुणांचा नाहीं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमधील फॉइलचा विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह १९८२ सालीं रोम येथें जागतिक स्पर्धेंत खेळत होता. प्रतिस्पर्ध्याचें पातें मोडलें, आणि तो मोडका तुकडा मुखवट्याची जाळी भेदून आंत शिरला. त्या जखमेनें थोड्याच दिवसांत त्याचा अंत झाला. त्यानंतर पातीं, मुखवटे व पोषाख यांचे नियम कडक झाले. या खेळांत बोथट टोंकाचें भय फारसें नाहीं; भय आहे तें मोडलेल्या पात्याचें. म्हणून गंजलेली वा दबलेली जाळी, चीर पडलेलें पातें, उसवलेलें जाकीट दिसलें, कीं तें बाजूस ठेवावें, मग तें यजमान मंडळाच्या कप्तानाचें कां असेना. डॉक्टर किंवा प्रथमोपचार जाणणारा माणूस पहिल्या लढतीपासून अखेरपर्यंत हजर असावा.

प्रत्येक लढतीच्या आरंभीं व अखेरीस खेळाडू तलवार उंचावून प्रतिस्पर्ध्यास, पंचास आणि प्रेक्षकांस अभिवादन करतो. त्या अभिवादनांत यजमानाचा उल्लेख नसतो, आणि तें योग्यच आहे. हरलेला पाहुणा घरीं जातांना यंत्राला, पंचाला किंवा वेळेला बोल न लावतां "त्याचा हात माझ्याहून चांगला होता" एवढेंच म्हणाला, तर यजमानपद सफळ झालें असें समजावें. ढाल त्यानंतर लहान असली तरी चालते.