संकेतस्थळाची भाषा आणि वापरकर्त्याचा अनुभव

संकेतस्थळाचे मूल्यमापन म्हटले की रंग, चित्रे आणि मांडणी यांचा विचार प्रथम मनात येतो. वस्तुतः कंपनीच्या संकेतस्थळावर येणारी व्यक्ती ते पाहण्यासाठी आलेली नसते. तिला एखादी वस्तू मागवायची असते, बिल भरायचे असते किंवा तक्रार नोंदवायची असते. ते काम पूर्ण झाले का, त्यासाठी किती वेळ व श्रम लागले आणि शेवटी तिचे समाधान झाले का, हे तीन प्रश्न मूल्यमापनाच्या मुळाशी असतात. त्यांचा भाषेच्या अभ्यासकाशी काय संबंध, अशी शंका तुमच्या मनात येईल. पुढील उदाहरण पाहा.

अमेरिकेतील संशोधक जॅरेड स्पूल यांनी एका मोठ्या विक्रेत्या कंपनीची हकीकत २००९ साली प्रसिद्ध केली. कंपनीचे नाव त्यांनी दिले नाही. ग्राहक वस्तू निवडून पैसे भरण्यास निघाला की त्याच्यासमोर एक छोटा अर्ज येई. त्यात ईमेल व पासवर्ड यांसाठी दोन रकाने आणि ‘लॉगिन’ व ‘नोंदणी करा’ अशी दोन बटणे होती. एकदा नोंदणी केली की पुढची खरेदी सोपी होईल, असा कंपनीचा हेतू होता. प्रत्यक्षात नव्या ग्राहकाला ही सक्ती नकोशी वाटे, तर जुन्या ग्राहकाला आपण कोणता ईमेल दिला होता तेच आठवत नसे. काहींची दहा-दहा खाती निघाली. दररोज सुमारे १ लाख ६० हजार लोक विसरलेला पासवर्ड मागत आणि त्यांतील ७५ टक्के लोक खरेदी पूर्ण करण्याचा पुन्हा प्रयत्नही करीत नसत. उपाय लहानसा होता. ‘नोंदणी करा’ऐवजी ‘पुढे चला’ असे बटण आले आणि खरेदीसाठी खाते उघडण्याची गरज नाही, हे शेजारी एक-दोन वाक्यांत सांगितले गेले. खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्याच वर्षी ३० कोटी डॉलरची जादा विक्री झाली.

‘नोंदणी करा’ या शब्दयोजनेत व्याकरणाचा कोणताही दोष नव्हता, हे येथे लक्षात घ्यावे. दोष होता तो ग्राहकाच्या मनातील हेतू आणि कंपनीची मागणी यांच्यातील विसंगतीत. म्हणूनच केवळ शब्द बदलून भागले नसते. शब्दामागची सक्तीही काढावी लागली.

हा दोष ग्राहकांना मत विचारून नव्हे, तर त्यांना खरेदी करायला सांगून आणि ती करताना पाहून सापडला. मत विचारले की लोक भिडेपोटी ‘छान आहे’ म्हणतात. निरीक्षणाच्या पद्धतीत सहभागी व्यक्तीला एक काम दिले जाते, मनात येईल ते मोठ्याने बोलण्यास सांगितले जाते आणि निरीक्षक गप्प बसतो. (गप्प बसणे हाच यातील सर्वांत कठीण भाग!) काम सांगताना संकेतस्थळावरील शब्द कटाक्षाने टाळावेत. ‘ऑर्डर रद्द करा’ असे सांगितले तर ती व्यक्ती तेच शब्द असलेले बटण शोधून दाबेल आणि आपल्याला काहीच कळणार नाही. त्याऐवजी ‘मागवलेली चादर आता नको आहे, काय कराल?’ असे विचारावे. कंपनीतील कर्मचाऱ्यांवर ही चाचणी घेऊ नये. त्यांना आतली परिभाषा पाठ असते.

मराठी संकेतस्थळांवर अडचण आणखी एका ठिकाणी निर्माण होते. अनुवादकाच्या हाती पान न देता सुट्या शब्दांची यादी दिली जाते. मग ‘ऑर्डर’चा ‘आदेश’ होतो. ‘परत’ हे बटण मागील पानावर नेणार की विकत घेतलेली वस्तू परत करणार, हे समजत नाही. ‘ऑर्डर रद्द करायची आहे का?’ या प्रश्नाखाली ‘होय’ आणि ‘रद्द करा’ अशी बटणे दिसली तर वापरकर्त्याने काय दाबावे? ‘ऑर्डर रद्द करा’ आणि ‘ऑर्डर राहू द्या’ असे लिहिले की संदिग्धता उरत नाही.

याकोब नील्सन यांच्या १० प्रसिद्ध निकषांपैकी एक निकष चुकीच्या सूचनांविषयी आहे. सूचनेने अडचण नेमकी सांगावी आणि मार्गही सुचवावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. ‘अवैध माहिती’ ही सूचना दोन्ही करीत नाही. ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत, तुम्ही ९ लिहिले आहेत’ ही करते.

अशा चाचणीसाठी शेकडो माणसे लागत नाहीत. एका फेरीत ५ वापरकर्ते पुरेसे आहेत, असे नील्सन यांचे मत आहे. एकाच वेळी १५ जणांची चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर दुरुस्ती करावी, असे ते सुचवतात. कारण केलेल्या दुरुस्तीतून नवी अडचण उद्भवली तर ती पुढच्या फेरीतच दिसते.